देव तलावामागचा मुक्काम

वाशीमला मी किती वेळा गेले असेन, याचा काही हिशोब नाही. बियाणं घ्यायला गेले, डोळे तपासायला गेले, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी, मुलाच्या दाखल्यासाठी, कुणाच्या तरी लग्नाचं कापड फाडायला गेले. पण वाशीममध्ये दिवे लागलेले मी कधी पाहिले नव्हते. आमचं गाव अनसिंगच्या पलीकडं, आतल्या रस्त्यावर. संध्याकाळची बस चुकली की अनसिंगपासून पुढं काही मिळत नाही. त्यामुळं माझ्यासाठी वाशीम हे फक्त भर दुपारचं गाव होतं. सकाळी ते कसं उठतं आणि संध्याकाळी काय करतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

एकदा बस उशिरा सुटली. पुसद नाक्याकडं निघताना खिडकीतून एक गल्ली दिसली. चार-पाच बायका गप्पा मारत चालल्या होत्या. कुणाच्या डोक्यावर काही नाही, काखेत काही नाही, हातात पिशवीसुद्धा नाही. आमच्याकडं बाई रिकाम्या हातानं चालताना दिसली तर लोक विचारतात, काय झालं म्हणून. त्या बायका कुठं निघाल्या असतील, हे माझ्या मनात बरेच दिवस राहिलं. मग मला उमगलं की त्या कुठंच निघाल्या नसतील. त्या फिरत होत्या.

पन्नाशी उलटल्यावर माणसाला एकेक गोष्ट उगाच खटकायला लागते. मला ही खटकली. त्या वर्षी सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, आणि वावरात फारसं काम नसलेले दिवस आले. रात्रीच्या जेवणाला बसलो असताना मी नवऱ्याला म्हटलं, "मले चार दिवस फिराले जायचं हाय."

"कोन्या देवाले?" त्याला वाटलं पोहरादेवी, फार तर माहूर.

"देवाले नाई. वाशीमले."

भाकरीचा तुकडा वाटीत बुडवून तो तसाच बसला. "वाशीमले काय झालं?"

"काई नाई झालं. पाहाले जाते."

"पाह्यलं नाई का तू वाशीम?"

"दुपारचं पाह्यलं."

माझा नवरा भांडणारा माणूस नाही. एखादी गोष्ट समजली नाही की तो तिच्याभोवती फिरतो, विकायला आलेल्या बैलाभोवती फिरावं तसा. त्यानं भाकर संपवली, हात धुतले, बाजेवर जाऊन बसला, आणि तिथून म्हणाला, "मंग बाईकडं राहाजो."

बाई म्हणजे त्याची धाकटी बहीण, माझी नणंद. तिचं घर वाशीममध्येच, लाखाळ्यात. नवरा सरकारी नोकरीत, दोन मजली घर, पुढं तुळस आणि मागं बोअर. आम्हा दोघींचं चांगलं आहे. तरीही मला तिच्याकडं राहायचं नव्हतं, आणि ते नवऱ्याला सांगणं वाशीमला जातेय हे सांगण्यापेक्षा अवघड होतं. तिच्याकडं गेलं की चहाचा कप रिकामा होईपर्यंत मी पाहुणी असते. नंतर ती कणीक मळते, मी पोळ्या लाटते, ती भाजी चिरते, मी फोडणी देते, आणि मग बस येते. मला वाशीम पाहायचं होतं. वाशीममधलं आणखी एक स्वयंपाकघर पाहायचं नव्हतं.

"मी लॉजवर राहीन," मी म्हटलं.

"तिले कळलं तर?"

"कळलं तर मी सांगीन तिले. तुमी मधात पडू नोका."

मधे न पडण्याची सवलत मिळाल्यावर त्याचा निम्मा विरोध मावळला.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो आधी हसला, आणि मग इतका उत्साहात आला की मलाच थांबवावं लागलं. त्यानं मोबाईलवर वाशीमच्या हॉटेलांचे फोटो पाठवले. एका फोटोत पलंगावर टॉवेलाचे दोन बगळे करून ठेवलेले होते. "आई, शहर कोणतं याला महत्त्व नाही, एरिया कोणता याला आहे," तो म्हणाला. "बस स्टँडजवळ अजिबात राहू नकोस. अकोला नाक्याकडं नवीन हॉटेलं झालीत. लिफ्ट आहे, पार्किंग आहे."

"पार्किंगमंदी काय ठेवू, पिशवी?"

"तसं नाही गं. सेफ असतं."

गावातल्या बायकांकडं ही बातमी कशी पोचली देव जाणे, पण पोचली, आणि प्रत्येकीनं आपापलं मत दिलं. एक म्हणाली, स्टँडच्या समोरच राहा, करमलं नाही तर पळून येता येईल. दुसरी म्हणाली, सरकारी दवाखान्याजवळ राहा, तिथं चोवीस तास चहा मिळतो. तिसरीनं काहीच सुचवलं नाही. फक्त दोनदा विचारलं, "घरी सगळं बरं हाय ना?"

मी निघाले तेव्हा नवऱ्यानं मोटारसायकलवरून अनसिंगला सोडलं. बस येईपर्यंत तो थांबला. बस आली तर म्हणाला, "जागा पाहून घेजो. वावर घेतो तशी." मला ते तेव्हा बसमधल्या सीटबद्दल वाटलं.

मुलाचं न ऐकता मी पहिल्यांदा स्टँडजवळच्याच एका लॉजवर गेले, कारण ते समोर दिसलं. काउंटरवर माझ्याच वयाचा एक माणूस पेपर वाचत होता.

"रूम पाह्यजे होती," मी म्हटलं.

"संगं कोन हाय?"

"कोनी नाई."

"मागून येऊन राह्यलं का कोनी?"

"कोनीच नाई येनार."

त्यानं पेपर घडी करून ठेवला. मला बसायला खुर्ची दिली, पाण्याचा गिलास दिला, आणि म्हणाला, "ताई, एकट्या बाईले आमी रूम देत नाई. मालकाचा नियम हाय. दवाखान्यात कोनी भरती हाय का तुमचं? तसं असंल तर विचारून पाहतो मालकाले."

"नाई, सगळे बरे हाय."

"लग्न?"

"लग्न बी नाई. वाशीम पाहाले आली."

तो काउंटरवर पुढं झुकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरी भांडन झालं काय? भावाच्या नात्यानं विचारून राह्यलो. नंबर द्या, मी बोलतो दाजीसोबत."

मला हसू आवरेना. तो इतका मनापासून बोलत होता की रागही येईना. मी सांगितलं की दाजींनीच अनसिंगला बसमध्ये बसवून दिलंय. त्यावर तर त्याला माझी जास्तच काळजी वाटायला लागली. शेवटी मी पाणी संपवलं आणि उठले. तो दारापर्यंत आला आणि शेअर रिक्षा कुठून मिळते ते दाखवून गेला.

मग मुलाचं ऐकलं. अकोला नाक्याकडच्या नव्या हॉटेलात काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं संगं कोण, मागून कोण, काही विचारलं नाही. फक्त आधार कार्ड मागितलं आणि म्हणाली, "रूम बघून घ्या ना मॅडम आधी." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं होतं. लिफ्टनं वर नेलं. रूम झकास होती. बगळेसुद्धा होते. मी खिडकीचा पडदा सरकवला. खाली हमरस्ता, त्याच्या पलीकडं ट्रॅक्टरचं शोरूम. ट्रक जात होते, गाड्या जात होत्या. पायी चालणारं माणूस मला एकही दिसलं नाही.

मी पलंगाच्या काठावर बसून विचार केला. इथं राहिले तर चार दिवस मी हे ट्रॅक्टर पाहणार. ट्रॅक्टर काय, घरी आहे.

"रूम लय चांगली हाय," मी त्या मुलीला म्हटलं. "पन इथी गल्ली नाई."

"गल्ली?" तिला कळेना. "हायवे टच आहे मॅडम."

"तेच," मी म्हटलं. तिनं मनावर घेतलं नाही. उलट काउंटरवरच्या वाटीतली बडीशेप पुढं केली.

बाहेर आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पिशवी जड नव्हती, पण ती हातात आहे आणि ठेवायला जागा नाही, हे पहिल्यांदा जाणवलं. परत जायला बस होती अजून. लाखाळ्यात नणंदेचं घर होतं. आणि मी पाटणी चौकात उभी राहून कुठल्या बाजूला वळावं हे ठरवत होते. खरं सांगायचं तर थोडी भीती वाटली. पण भीतीबरोबर एक गंमतही होती. इतक्या वर्षांत मी कुठं वळावं हे आधीच ठरलेलं असायचं. डावीकडं दवाखाना, उजवीकडं कापड दुकान, सरळ तहसील. आज कुठंही वळलं तरी चुकणार नव्हतं.

मी जुन्या गावाकडं वळले, बालाजीच्या देवळाच्या दिशेनं.

नवऱ्याचं बोलणं तेव्हा आठवलं. आमच्याकडं वावर विकत घ्यायचं तर कुणी नुसता सातबारा पाहून घेत नाही. आधी जाऊन बांधावर बसतात. पाणी कुठून येतं, कुठं मुरतं, शेजारचा कसा बोलतो, ढोरं कुठून घुसतात, हे बसल्यावर कळतं. मी तेच करायचं ठरवलं. एका गल्लीत शिरले आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसले. तिथं सगळ्या मोटारसायकलीच होत्या. ओळीनं लावलेल्या, येणाऱ्या, जाणाऱ्या. मला पाय पोटाशी घ्यावे लागले. उठले. दुसऱ्या गल्लीत घरं मोठी आणि रंगवलेली, पण दारं सगळी लावलेली. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, माणूस दिसत नव्हतं. तिथूनही उठले.

तिसरी गल्ली देव तलावाच्या मागं होती. अरुंद, थोडी वाकडी. एका ओट्यावर दोन म्हातारे तंबाखू मळत बसले होते. पुढं एक शिलाई मशीन चालू होती. त्यापुढच्या घराच्या पायरीवर साठीच्या पुढची एक बाई मेथी निवडत बसली होती. हात मेथीत आणि डोळे गल्लीत. मी समोरच्या पायरीवर टेकते न टेकते तोच तिनं विचारलं, "कोनाकडं आली वं?"

"कोनाकडंच नाई."

"मंग काय शोधून राह्यली?"

"राहाले जागा. चार दिवस."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग मेथीची एक जुडी उचलून माझ्याकडं केली. मी तिच्या पायरीवर जाऊन बसले आणि निवडायला लागले. जुडी निम्मी होईपर्यंत तिनं माझं गाव, माहेर, किती एकर, मुलं किती, मुलाचं लग्न का नाही झालं अजून, सगळं काढून घेतलं. तिचंही मला कळलं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नांदेडला. वर एक खोली होती, ती कॉलेजच्या मुलींना द्यायची. परीक्षा संपवून मुली गावी गेल्या होत्या.

"काहून आली पन?" तिनं शेवटी विचारलं.

"वाशीमची संध्याकाळ पाहाले," मी म्हटलं. लॉजवाल्याला हे सांगायला जमलं नव्हतं.

तिला त्यात नवल वाटलं नाही. "मंग वर पिशवी ठेवून ये," ती म्हणाली. "आता होईनच संध्याकाळ."

खोलीत दोन लोखंडी पलंग, एक टेबल, भिंतीवर कुठल्या तरी परीक्षेचं वेळापत्रक, आणि गल्लीवर उघडणारी खिडकी. मी खिडकी उघडली. खाली म्हातारे तसेच बसले होते. शिलाई मशीन थांबून परत चालू झाली. मला एकदम बरं वाटलं.

त्या संध्याकाळी मी तलावाच्या काठानं चालले. दिवे लागले. पाण्यात एकेक करून ते उतरत गेले. बालाजीच्या देवळात घंटा झाली. मी आत जाऊन दर्शन घेतलं, नाही म्हटलं तरी देव झालाच एक. मग एका टपरीवर उभ्यानं आलूबोंडा खाल्ला, वर तर्री घालून घेतली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं. शेजारी उभ्या एका कॉलेजच्या मुलीनं आपली पाण्याची बाटली पुढं केली. एवढंच. दुसरं काही घडलं नाही, आणि मला त्याचाच फार आनंद झाला.

नवऱ्याचा फोन आला. "भेटली का जागा?"

"भेटली. देव तलावाच्या मागं."

"तलावात पानी हाय का?"

"हाय."

"किती?"

"भरपूर दिसते."

"मंग बरं हाय." तो खूष झाला. त्याला वाशीम म्हणजे फक्त धान्याचा बाजार माहीत. त्यानंतर तो रोज फोन करून काय काय पाहिलं ते विचारायला लागला.

दुसऱ्या दिवशी सवयीनं अंधारातच जाग आली. ढोरं नव्हती, चूल नव्हती, धार काढायची नव्हती. किती वेळ नुसतं पडून राहावं हे कळेना. शेवटी खाली गेले आणि दिसला झाडू म्हणून ओटा झाडायला घेतला. घरमालकीण बाहेर आली.

"तू पाहुनी हाय का कामवाली?" ती म्हणाली. "ठेव तो झाडू."

"बसवत नाई काकू."

"शिकजो हळूहळू. कॉलेजच्या पोरी शिकवल्या मी काम कराले, तुले बसाले शिकवते."

त्या दिवसापासून मी बसायला शिकले. सकाळी पायरीवर, दुपारी खिडकीत. गल्ली कशी चालते ते मला कळायला लागलं. भाजीची गाडी आली की कोणती दारं आधी उघडतात. शिंपिणीकडं बायका कापडापेक्षा गोष्टी जास्त घेऊन येतात. दोन्ही म्हातारे एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, पण एक आला नाही तर दुसरा परत घरी जातो. मधेच उठून मी शेअर रिक्षात बसायचे आणि रिक्षावाल्याला म्हणायचे, शेवटपर्यंत. एकानं विचारलं, "शेवटपर्यंत म्हंजे कुठी, काकू?" मी म्हटलं, तू जिथून परत फिरतो तिथपर्यंत.

तिसऱ्या दिवशी भाजीबाजारात मी चहा पीत उभी होते. हातात कप, डोक्यावर पदर नाही, खांद्यावर पर्स म्हणून घरमालकिणीच्या मुलीची जुनी झोळी. आणि समोर नणंद उभी.

"वहिनी?" तिला आधी वाटलं की आपण चुकलो. "कधी आली तू?"

"परवा."

"परवा?" तिनं भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कोनाकडं राह्यली?"

"कोनाकडंच नाई. खोली घेतली भाड्यानं. देव तलावाच्या मागं."

 तिचा चेहरा पाहवेना. मी कप ठेवून पुढं झाले तर ती म्हणाली, "दादा बरा हाय ना?" मी हो म्हटलं. मग ती वळली आणि गेली. कांदे घ्यायला आली असावी, पण कांद्यांजवळून न थांबता निघून गेली.

तो दिवस खराब गेला. खिडकीत बसले, पण गल्ली दिसेना. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मी मधात पडत नाई." माझंच वाक्य. घरमालकिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "येईन ती उद्या. रागावलेली बाई घरी बसत नाई."

आणि ती आलीच. दुपारी, हातात डबा घेऊन. भरल्या वांग्याची भाजी आणि भाकरी. जिना चढून वर आली, डबा टेबलावर ठेवला, रिकाम्या पलंगावर बसली, आणि रात्रभर जे घोकलं असेल ते बोलली.

"माह्यं घर लाखाळ्यात असून तू भाड्यानं राह्यते. लोकं काय म्हनतीन? माह्या घरात काय कमी हाय सांग. वरची खोली रिकामी हाय. गिझर हाय. तुह्यासाठी मी कधी काई कमी केलं का?"

"नाई केलं," मी म्हटलं.

"मंग काहून?"

मी रात्रभर काही घोकलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं. "तुह्याकडं आली का आपन दोघी स्वयंपाकघरात. मी लाटते, तू शेकते. माह्या नशिबात वाशीम नाई आणि तुह्या नशिबात मी बी नाई. आठवून पाहा, आपन दोघी बसून कधी बोललो?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गल्लीतून कुणीतरी कुणाला तरी हाक मारली.

"इथी काय करते दिवसभर?" तिनं विचारलं.

"बसते."

"बसून काय करते?"

"पाहते."

ती उठून खिडकीशी आली, काय आहे एवढं पाहायला. मी तिला म्हातारे दाखवले, शिंपीण दाखवली. समोरच्या घरातली नवी सून दिवसातून किती वेळा गच्चीवर कपडे वाळले का बघायला येते आणि तिथं फोनवर बोलते, तेही सांगितलं. नणंद हसली. मग आम्ही डबा उघडून पलंगावरच मांडी घालून जेवलो. जेवताना तिनं मला सांगितलं की तिची मुलगी तिच्याशी हल्ली नीट बोलत नाही. हे मला माहीत नव्हतं. दर दोन महिन्यांनी भेटूनही माहीत नव्हतं.

जेवून ती म्हणाली, "पाच मिनिटं पडते." आणि झोपली. अशी झोपली की भिंतीवरचं ऊन सरकत सरकत छताला जाऊन विझलं तरी तिला पत्ता नाही. तिचा फोन टेबलावर थरथरत राहिला. मी तो उचलला नाही. उचलून काय सांगणार, की तुमची बायको, तुमची आई झोपली आहे?

जागी झाली तेव्हा ती घाबरून उठून बसली. "किती वाजले? ह्यांचा चहा राह्यला." मग फोन पाहिला, तो परत ठेवला, आणि भिंतीला टेकून बसली. "दुपारची मी कधी झोपली होती, आठवतच नाई मले."

तिनं नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं की वहिनी आलीये, उशीर होईल, चहा करून घ्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "साखर तिथीच हाय जिथी रोज असते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आम्ही दोघी तलावाकडं गेलो. ती इतकी वर्षं वाशीममध्ये राहते, पण दिवेलागणीला इकडं कधी आली नव्हती. "मले वाशीम म्हंजे लाखाळा, शाळा, दवाखाना आणि बजार," ती म्हणाली. पण दोन फेऱ्या झाल्यावर तिच्यातली लाखाळ्याची बाई जागी झाली.

"गल्ली चांगली हाय, पन नाल्या उघड्या हायेत. आमच्याकडं सगळं झाकलेलं हाय."

"तुमच्याकडं मानसं बी झाकलेली हायेत."

"पानी चोवीस तास हाय आमच्याकडं."

"आणि ओट्यावर कोन बसते?"

"ओटे नाईतच ना वहिनी, बंगले हायेत." हे म्हणताना तिलाच हसू आलं. आम्ही बराच वेळ असं मोहल्ल्यांवरून भांडलो, आणि मला वाटतं ते आमच्या आयुष्यातलं सगळ्यात छान भांडण होतं. ती हरली नाही. आजही ती सांगते की राहायला लाखाळाच चांगला. फक्त संध्याकाळी मधूनच रिक्षा करून ती तलावाकडं येते, आणि घरमालकिणीच्या पायरीवर बसून मेथी नाही तर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून जाते. त्या दोघींची आता माझ्यापेक्षा जास्त दोस्ती आहे. याचं मला थोडं वाईट वाटतं, पण ते मी कुणाला सांगत नाही.

चार दिवसांनी मी परत आले. नवरा अनसिंगला घ्यायला आला होता.  घर जवळ आल्यावर गाडी हळू करून म्हणाला, "बाईनं फोन केला होता."

"काय म्हने?"

"वहिनीले पुन्हा पाठवजो म्हने."

गावात काही दिवस चर्चा झाली. ज्या बाईनं घरी सगळं बरं आहे ना असं विचारलं होतं, तिनं एकदा विहिरीवर गाठून हळूच विचारलं की त्या खोलीचा नंबर आहे का. मी दिला. ती गेली की नाही ते मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी मात्र त्यानंतर जातेच आहे. वर्षातून एकदा, हरभरा पेरला की. एका वर्षी पुसद केलं, एका वर्षी अकोला. दोन्हीकडं जागा बरी मिळाली. गेल्या वर्षी नागपूरला गेले तेव्हा मात्र साफ चुकले. दुपारी पाहिलेली गल्ली गजबजलेली होती, खाली नाश्त्याचं हॉटेल होतं, माणसंच माणसं. खूष होऊन खोली घेतली. दुसऱ्या दिवशी रविवार निघाला. ती सगळी गल्ली ऑफिसांची होती. शटरं बंद, हॉटेल बंद, कुत्रंसुद्धा दिसेना. एक वॉचमन तेवढा खुर्ची टाकून उन्हात बसला होता. मी खाली उतरले आणि त्याला विचारलं की इथं नाश्ता कुठं मिळेल. तो वर्धा जिल्ह्यातला निघाला. म्हणाला, "चुकीच्या वारी आले तुमी." मग त्यानं उठून चौकापर्यंत येऊन पोह्याची गाडी दाखवली.

पोहे खात असताना नवऱ्याचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग ये ना वापस. कायले थांबते?"

"उद्या सोमवार हाय," मी म्हटलं. "उद्या पाहते कशी हाय ही गल्ली." आणि पोहेवाल्याला वर आणखी थोडी तर्री घालायला सांगितली.